शाळेनंतरचे वर्ग चालवणाऱ्या संस्थेत संचालक बदलताना

मुंबईत वस्त्यांमधून शाळेनंतरचे वर्ग चालवणाऱ्या छोट्या संस्था अर्ध्या फायलींत असतात आणि अर्ध्या संचालकांच्या मोबाईलमध्ये. खोलीमालकाशी झालेलं बोलणं, मुख्याध्यापकांचा नंबर, इन्कम टॅक्सच्या पोर्टलचा ओटीपी, सगळं तिथंच. मग निरोपसमारंभ झकास होतो आणि पुढच्या महिन्यात वर्ग घेणाऱ्या ताईंचे पगार अडकतात. खालची कामं जुने संचालक अजून पगारावर असतानाच उरकून घ्या.

वेळ कोणती? जून नको. शाळा उघडतात, मुलांची नवी नोंदणी चालू असते आणि पाऊस सुरू झाला की कुठल्या सेंटरमध्ये पाणी भरेल याचा नेम नसतो. मार्चही नको, वर्षअखेरीचे हिशेब, सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या निधीतून) पैसे देणाऱ्या कंपन्यांचे अहवाल आणि मुलांच्या परीक्षा एकदमच येतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर नवी व्यक्ती रुजू झाली तर जानेवारीपर्यंत दोघांना एकत्र काम करता येतं आणि पुढच्या वर्षाचं बजेट नव्या संचालकांच्या हातून बनतं. दोन महिने दोन पगार म्हटलं की विश्वस्त कुरकुरतात. कुरकुरू द्या, पण द्या.

ठराव, बदल अर्ज आणि सह्या

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: येणारी व्यक्ती विश्वस्त आहे की फक्त नोकरीवरची संचालक? पगारी संचालक असेल तर विश्वस्त मंडळाचा ठराव आणि नेमणूकपत्र पुरतं. विश्वस्त बदलत असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. मुंबईतलं कार्यालय वरळीला आहे. अर्जासोबत सभेची सूचना, ती सगळ्यांना मिळाल्याची पोच, इतिवृत्ताची प्रत, जाणाऱ्याचा राजीनामा आणि येणाऱ्याचं संमतीपत्र जोडा. अर्ज बहुधा पोचेवरच अडतो. सभेची सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली असते आणि संस्थेच्या घटनेत लेखी सूचना किती दिवस आधी द्यायची ते लिहिलेलं असतं. सभा बोलावण्याआधी घटना उघडून तो आकडा आणि गणपूर्ती बघा.

याच वेळी शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा काढा. जुने बदल अर्ज मंजूरच झालेले नाहीत आणि कधीच सोडून गेलेल्या विश्वस्तांची नावं अजून चढलेली आहेत, असं अनेकदा निघतं. बँक तोच उतारा मागते.

बँकेत नवी सही चालू झाल्याची खात्री होईपर्यंत जुनी सही काढू नका. नवीन सहीने एक छोटं पेमेंट करून बघा, मग काढा. टीडीएस साधारणपणे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि पीएफ १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणून हा बदल महिन्याच्या २० तारखेच्या आसपास केलेला बरा. डीएससी, म्हणजे ऑनलाइन कागदांवरची डिजिटल सही, ही त्या माणसाच्या नावाची असते, पेनड्राइव्ह हातात दिल्याने हस्तांतरण होत नाही. नवीनच काढावी लागते. इन्कम टॅक्स, पीएफ, दर्पण (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल), वेबसाइटचं डोमेन, या प्रत्येक ठिकाणी नोंदवलेला मोबाईल संस्थेच्या सिमवर आणा. ते सिम कार्यालयातल्या फोनमध्ये राहू द्या, पुन्हा कुणाच्या खिशात नको.

परदेशी देणगीची नोंदणी असेल तर मुख्य पदाधिकारी बदलल्यावर ४५ दिवसांत एफसी-६ई हा फॉर्म भरावा लागतो. परदेशी देणगीचं खातं दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या शाखेत असतं, तेव्हा तिथल्या सह्यांचं काम सगळ्यात आधी हाती घ्या.

सेंटरवर

पहिल्या महिन्यात नव्या संचालकांनी प्रत्येक सेंटरवर एक पूर्ण सत्र बसावं. कुलूप उघडण्यापासून शेवटचं मूल घरी जाईपर्यंत. मुंबईत अनेक शाळा दोन अधिवेशनांत भरतात, त्यामुळे दुपारच्या शाळेची मुलं आपल्याकडे सकाळी येतात. फक्त संध्याकाळी फेरी मारली तर ही मुलं आणि त्यांच्या ताई दिसतच नाहीत.

बसल्याबसल्या दाराबाहेरच्या चपला मोजाव्यात. हजेरीपटावर २८ आणि बाहेर १७ जोड, तर ताईंना झापू नका. धाकट्याला सांभाळायचं आहे, नळाला पाणी त्याच वेळी येतं, आईबरोबर कामावर जावं लागतं, अशी कारणं निघतात आणि त्यावर वेळ बदलणं हा उपाय असतो. आकडा फुगतो कारण वरून आकडाच मागितला जातो. लहान मुलांना न्यायला कोण येतं, मुली सार्वजनिक शौचालयात जातात तेव्हा सोबत कोण असतं, उघडी वायर कुठे आहे, हेही त्या दोन तासांत कळतं.

खोलीमालकाकडे जुन्या संचालकांनी नव्यांना स्वतः घेऊन जावं. भाडं, डिपॉझिट, लाइटबिल कोण भरतं, गणपतीत खोली किती दिवस मंडळाला द्यायची असं तोंडी ठरलंय, ते तिथंच लिहून घ्यावं. पालिका शाळेचा वर्ग वापरत असाल तर परवानगीचं पत्र कुणाच्या नावे आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे ते तपासा. ते जुन्या संचालकांच्या नावे असेल, तर शाळेनं विचारायच्या आत नवं पत्र मागा.

पालकसभा रविवारी किंवा रात्री आठनंतर ठेवा. घरकामाला जाणाऱ्या आया त्याआधी येऊ शकत नाहीत.

बालसुरक्षेच्या फायली मात्र पहिल्याच आठवड्यात, पान न् पान. मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी झाली आहे का, स्वयंसेवकांसकट? मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायदा, २०१२ नुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आपसात मिटवलं’ असा शेरा कुठे सापडला तर त्याच दिवशी विश्वस्तांना लेखी कळवा आणि वकिलांना गाठा. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक सेंटरच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा.

पहिले तीन महिने ताईंचे सेंटर आणि वेळा बदलू नका. मुलं ताईंमुळे येतात, संस्थेचं नाव बऱ्याच घरांना माहीतही नसतं. ताई दुसऱ्या वस्तीत हलवली की पटावरची मुलं गळतात, आणि देणगीदार अहवालात ती गळती नव्या संचालकांच्या नावावर वाचतो.