जुन्या जॅझ मैफली कशा बघायच्या, कशा ऐकायच्या

जॅझ थोडाफार ऐकलाय, कानाला बराही वाटतो, पण जुन्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये लोक एवढं काय ऐकतात ते कळत नाही, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. १९३० पासून १९६० च्या दशकापर्यंतचे कितीतरी कार्यक्रम आज यूट्यूबवर आणि स्ट्रीमिंगवर सहज मिळतात. पण मागे लावून ठेवून आपण दुसरं काम करत बसलो तर हाताला फार काही लागत नाही, कारण स्टेजवर ही माणसं पुढे काय वाजवायचं ते त्याच क्षणी ठरवत असतात, आणि तेही शेजारच्याचं ऐकून. ते ठरवणं आपल्याला ऐकू यायला लागलं पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

लाइव्हच का, तर जुन्या ७८ आरपीएमच्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यामुळे भल्याभल्यांना आपला सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, अर्ध्या मिनिटात उरकावा लागायचा. जास्त वेळ मावणारी एलपी रेकॉर्ड आली १९४८ मध्ये. क्लबमध्ये मात्र तीच माणसं तीच चीज दहा-पंधरा मिनिटं वाजवत बसायची. मोकळी सुटलेली ही माणसं बघायची तर लाइव्हकडेच जावं लागतं.

पायरी १: आधी व्हिडिओ घ्या, आणि मोजायला शिका

नुसत्या ऑडिओपेक्षा व्हिडिओने सुरुवात सोपी जाते, कोण वाजवतंय ते दिसतं म्हणून. माझी पहिली शिफारस म्हणजे मायल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’, २ एप्रिल १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये सीबीएस या अमेरिकन वाहिनीच्या टीव्ही स्टुडिओत चित्रित झालेलं. समोर श्रोते नाहीत, पण वाजवणं सगळं तिथल्या तिथे. ट्रम्पेटवर मायल्स, टेनर सॅक्सवर (भरदार आवाजाच्या सॅक्सोफोनवर) जॉन कोल्ट्रेन, पियानोवर विंटन केली, बेसवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब.

आता मोजायचं कसं ते बघू. चार मात्रांचा एक बार. असे ८ बार, मग परत तेच ८, मग ८ बार अर्धा सूर वर चढून, आणि शेवटी ८ बार परत खाली मूळ जागी. झाले ३२. या ३२ बारच्या एका फेरीला कोरस म्हणतात आणि सोलो वाजवणारा अशा फेऱ्यांवर फेऱ्या घेत जातो. तबल्याचं आवर्तन मनात चालू ठेवून गवयाची तान ऐकायची सवय ज्यांना आहे त्यांना हे लगेच जमेल, तसंच आहे हे. ‘सो व्हॉट’मध्ये तो अर्धा सूर वर चढणं इतकं स्पष्ट ऐकू येतं की तुमचं मोजणं चुकलं तरी तिथे परत पकडता येतं, म्हणून तर हा तुकडा शिकायला इतका चांगला. टाळी मात्र १ आणि ३ वर देऊ नका, २ आणि ४ वर द्या. ड्रमरचा डावा पाय हाय-हॅटवर (पायाने मिटायच्या झांजांच्या जोडीवर) नेमका तिथेच पडत असतो, तो ‘चिक्’ आवाज शोधा.

मायल्सचा सोलो संपला की तो बाजूला होतो आणि कोल्ट्रेन सुरू होतो. मायल्स किती कमी सूर वापरतो आणि कोल्ट्रेन किती दाट वाजवतो, हा फरक पहिल्याच वेळी कळतो, त्यासाठी काही शिकलेलं असावं लागत नाही. मग याचीच रेकॉर्डवरची आवृत्ती ऐका, ती फक्त एक महिना आधीची, २ मार्च १९५९ ची, पियानोवर तिथे बिल एव्हन्स आणि लय बरीच संथ. महिन्याभरात काय झालं ते ऐका.

पायरी २: ऐकणाऱ्यांचे चेहरे बघा

८ डिसेंबर १९५७, रविवार, सीबीएसवर ‘द साउंड ऑफ जॅझ’ नावाचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला. त्यातलं गायिका बिली हॉलिडेचं ‘फाइन अँड मेलो’ हे माझ्या मते जॅझचं आजवरचं सगळ्यात मोलाचं चित्रीकरण आहे.

हा संथ ब्लूज, म्हणजे १२ बारची फेरी. मोजायला ३२ पेक्षाही सोपी, कारण गाण्यात पहिली ओळ ४ बारमध्ये येते, तीच ओळ पुढच्या ४ बारमध्ये परत येते आणि शेवटच्या ४ बारमध्ये तिचं उत्तर. बिली एक फेरी गाते, मग वादक एकेक फेरी घेतात. आधी बेन वेब्स्टर, भरदार, श्वास मिसळलेला टेनर. त्याच्यानंतर उभा राहतो लेस्टर यंग, तोही टेनरवालाच.

इथे थांबा. व्हॉल्यूम जरा वाढवा. लेस्टर त्या दिवसांत आजारी होता, त्याच कार्यक्रमात मोठ्या बँडमध्ये वाजवण्यातून त्याला मोकळं ठेवलं होतं. तो एकच फेरी वाजवतो, १२ बार, अगदी मोजके सूर, मध्ये मोकळी जागा सोडून. कॅमेरा बिलीवर जातो. ती त्याच्याकडे बघत मान हलवत असते, पुढचा सूर कुठे पडणार ते तिला आधीच माहीत असल्यासारखी. दोघांनी १९३० च्या दशकात किती रेकॉर्ड बरोबर केल्या होत्या, लेडी डे हे तिचं टोपणनाव त्याचंच आणि त्याचं प्रेझ हे तिचं. १५ मार्च १९५९ ला लेस्टर गेला, १७ जुलैला बिली. त्यानंतर या १२ बारकडे परत या आणि फक्त तिचा चेहरा बघा.

बाकीच्यांनाही सोडू नका. विक डिकन्सनचा ट्रॉम्बोन, जेरी मलिगनचा बॅरिटोन सॅक्स, मग टेनरवर कोलमन हॉकिन्स, मग रॉय एल्ड्रिज ट्रम्पेट घेऊन वरच्या सुरात. एकाच १२ बारच्या चौकटीत इतकी वेगवेगळी माणसं उभी राहतात आणि प्रत्येकाचा आवाज दोन सेकंदात ओळखू येतो. हा व्हिडिओ तीनदा बघा असं सांगेन. एकदा नुसता, एकदा फेऱ्या मोजत, आणि एकदा जो वाजवत नाहीये त्याच्याकडे बघत.

एक लक्षात ठेवा, याच नावाची एलपी आहे पण ती कार्यक्रमाच्या काही दिवस आधी स्टुडिओत रेकॉर्ड केलेली, टीव्हीवरचं वादन वेगळं. शोधताना तारीख बघून घ्या.

पायरी ३: खरंच लाइव्ह आहे का ते तपासा

जुन्या व्हिडिओत ही अडचण फार आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत नाणं टाकून बघायच्या यंत्रांसाठी तीन-तीन मिनिटांच्या छोट्या फिल्म बनायच्या, त्यांना साउंडीज म्हणायचे. आवाज आधी रेकॉर्ड करायचा आणि मग कॅमेऱ्यासमोर वाजवल्याचा अभिनय. बघायला छान आहेत पण त्यात ठरवणं-बिरवणं काही नाही. ड्रमरची काठी आणि आवाज जुळतोय का, सॅक्सवाला श्वास घेतो तिथे आवाजही थांबतो का, एवढं बघितलं तरी कळतं.

सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करचं तर फारच वाईट वाटतं. एवढा मोठा माणूस आणि प्रत्यक्ष वाजवताना आवाजासकट चित्रीकरण उरलंय ते जवळपास फेब्रुवारी १९५२ च्या एका टीव्ही कार्यक्रमातलं, ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीबरोबर ‘हॉट हाउस’. त्याचा चेहरा जवळजवळ हलत नाही, बोटंच काय ती पळत असतात.

ऑडिओतही नंतरची डागडुजी असते. १५ मे १९५३ ला टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये पार्कर, गिलेस्पी, पियानोवर बड पॉवेल, बेसवर चार्ल्स मिंगस आणि ड्रम्सवर मॅक्स रोच एकत्र वाजवले, पार्करच्या हातात प्लास्टिकचा सॅक्सोफोन होता, आणि त्याच रात्री मार्सियानो-वॉलकॉट बॉक्सिंगची लढत असल्याने हॉल पूर्ण भरलाही नव्हता. टेपवर बेस नीट ऐकू येत नाही म्हणून मिंगसने नंतर स्टुडिओत आपला बेस वरून परत वाजवला. माझं मत विचाराल तर डागडुजी न केलेली आवृत्ती मिळाली तर तीच आधी ऐका, बेस कमी आला तरी चालेल.

पायरी ४: एक लांब सोलो पूर्ण ऐका

७ जुलै १९५६, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधला न्यूपोर्ट जॅझ महोत्सव, ड्यूक एलिंग्टनचा बँड. त्या काळात मोठ्या बँडचे दिवस संपत आले होते आणि एलिंग्टनकडेही लोकांचं लक्ष कमी झालं होतं. मध्यरात्रीच्या आसपास त्याने १९३७ ची जुनी चीज काढली, ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’, दोन भागांची, आणि मधला पूल पॉल गोन्झाल्विसवर सोपवला. टेनर सॅक्सवर गोन्झाल्विसने सलग २७ कोरस घेतले. हाही १२ बारचा ब्लूजच, म्हणजे ३२४ बार, सहा मिनिटांहून जास्त, आणि मागे मुख्यतः सॅम वूडयार्डचे ड्रम्स आणि जिमी वूडचा बेस.

पहिल्या वेळी बोटांवर फेऱ्या मोजा, २७ होईपर्यंत. दुसऱ्या वेळी गोन्झाल्विसला सोडून द्या आणि फक्त गर्दी ऐका. सुरुवातीला शांत, मग सातव्या-आठव्या फेरीच्या सुमारास प्रेक्षकांत एक बाई उठून नाचायला लागली, आणि तिथून आवाज चढत चढत जातो, बँडमधलेच लोक ओरडून त्याला पुढे ढकलतायत तेही ऐकू येतं. तिसऱ्या वेळी फक्त ड्रम्स आणि बेस. हे दोघं सहा मिनिटं तसूभर ढळत नाहीत, म्हणून तर वरचा माणूस इतका लांब जाऊ शकला. पुढच्या महिन्यात एलिंग्टन टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर होता.

कुठली आवृत्ती घ्यायची हे इथे फार महत्त्वाचं. गोन्झाल्विस त्या रात्री व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या माइकसमोर वाजवत होता, रेकॉर्ड कंपनीच्या नाही, म्हणून १९५६ च्या एलपीवर तो लांबून आल्यासारखा ऐकू येतो, आणि त्या एलपीचा बराचसा बाकी भाग तर नंतर स्टुडिओत परत वाजवून वर टाळ्या चढवलेला आहे. रेडिओची टेप पुढे सापडली, दोन्ही टेप जुळवून १९९९ मध्ये दोन सीडींचा पूर्ण संच निघाला. तोच ऐका.

पायरी ५: हेडफोन लावा, खोली ऐका

न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड हे १९३५ पासूनचं तळघरातलं छोटं क्लब. २५ जून १९६१ च्या रविवारी बिल एव्हन्सने बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन यांच्याबरोबर दुपारी-संध्याकाळी मिळून पाच सेट, म्हणजे वादनाची पाच सत्रं, वाजवले. ग्लासांचे आवाज, कुजबुज, हसणं, सगळं टेपवर आहे. त्याचा राग मानू नका, त्या आवाजावरून आपल्याला खोली केवढी आहे ते कळतं. इथे बेस नुसता साथ करत नाही, पियानोशी बोलत असतो, तेव्हा कान बेसवर ठेवा. लाफारो ६ जुलैला मोटार अपघातात गेला, वय २५.

खरखर असलेल्या जुन्या रेडिओ टेप्स असतील तर आवाजाच्या सेटिंगशी फार खेळू नका. पाच मिनिटांत कान सरावतो. महागडा हेडफोनही लागत नाही.

पायरी ६: एकच चीज, वेगवेगळ्या रात्री

कोल्ट्रेनचं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ घ्या. १९६० ची स्टुडिओतली साधारण पावणेचौदा मिनिटांची, मग १९६१ ची जर्मन टीव्हीवरची एरिक डॉल्फीबरोबरची, मग १९६३ ची न्यूपोर्टची, आणि शेवटी १९६६ ची टोकियोची, जी तासाभराच्या जवळ जाते. टोकियोची घाईने ऐकू नका. आधीच्या तीन कानात मुरल्या की मगच.

पायरी ७: आता आधाराशिवाय

सनी रोलिन्स, व्हॅनगार्ड, ३ नोव्हेंबर १९५७. टेनर, बेस आणि ड्रम्स, पियानोच नाही. पियानो नसल्यामुळे आपण फेरीत कुठे आहोत ते कोणी सांगत नाही, म्हणून हे सगळ्यात शेवटी ठेवलंय. रोलिन्सचा आपल्याकडचा धागाही खरा आहे, १९६० च्या दशकाच्या शेवटी तो मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता आणि १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात मुंबईत वाजवलाही. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात, ताजच्या बॉलरूममध्ये अमेरिकन बँड वाजत होते, त्यांचं ऐकून गोव्याचे वादक तयार झाले. हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या गाण्यांत वाजवायचा, भगवानदादांच्या ‘अलबेला’मध्ये आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. ते प्लेबॅक आहे, पण ट्रम्पेट ऐका.

तर रोलिन्सचं ऐकताना असं करा, सुरुवातीची मूळ धून आधी पाठ करून घ्या, दोन-तीनदा ऐकून. मग त्याचा सोलो सुरू झाला की ती धून हळू आवाजात स्वतः गुणगुणत राहा, त्याच लयीत, थांबायचं नाही. तो कितीही लांब भटकला तरी तुमची धून आणि त्याचा सॅक्स फेरीच्या शेवटी एकाच जागी येतात की नाही ते बघा, आणि नाही आले तर बेस कुठे आहे ते शोधून परत सुरू करा.