आजीची आई कोण? आईकडचं घराणं शोधायचं तर सुरुवात कुठून करायची

वडिलांकडची वंशावळ काढणं तसं सोपं असतं, आडनाव एक, गाव एक, आणि एखादे काका असतातच ज्यांच्याकडे सात पिढ्यांचा कागद लॅमिनेट करून ठेवलेला असतो. त्या कागदात बायकांची नावं शोधून बघा, बहुतेक ठिकाणी नसतातच. आईकडचं शोधायला बसलं की दर पिढीला आडनाव बदलतं, गाव बदलतं, आणि आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नाव पण बदलायचे, त्यामुळे बाई एकच पण कागदावर तीन वेगळ्या बायका वाटतात. मी माझ्या पणजीला पाच-सहा महिने लक्ष्मीबाई म्हणून शोधत होते, ती माहेरी ठकू होती!

तर मुद्दा हा की बाई सासरच्या कागदात फारशी सापडत नाही, ती सापडते बापाच्या आणि भावाच्या कागदात. आजी शोधायची असेल तर आईच्या मामांचं घर गाठा, पणजीसाठी आजीच्या मामांचं. दर पिढीला चार गोष्टी हव्यात, माहेरचं नाव, बापाचं नाव, माहेरचं आडनाव आणि माहेरचं गाव. या चार मिळाल्याशिवाय वरच्या पिढीवर उडी मारू नका, मी मारली होती आणि दुसऱ्याच कोणाची तरी पणजी घेऊन आले.

आधी माणसं, मग ऑफिसं. घरात सगळ्यात म्हातारं कोण आहे त्यांच्याकडे या महिन्यात जा, दिवाळीला बघू म्हणू नका. आणि गेल्यावर "तुमचं लग्न कोणत्या साली झालं" असं विचारू नका, "कोण लिहून ठेवतंय बाई" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा पानशेत फुटलं तेव्हा लग्न झालं होतं का, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कडेवर कोण होतं, बहात्तरच्या दुष्काळात धाकटा शाळेत जायचा का, असं विचारा. पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७, म्हणजे तुम्हाला आपोआप अलीकडची आणि पलीकडची मर्यादा मिळते.

माहेर काढायचे प्रश्न वेगळे. पहिल्या बाळंतपणाला कुठे गेली होतीस? सणाला मुराळी म्हणून, म्हणजे माहेरी न्यायला, कोण यायचं? कन्यादान कोणी केलं (बाप नसेल तर चुलता सापडतो)? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न, लग्नात तुझ्यामागे मामा म्हणून कोण उभं होतं? कारण नवरीचा मामा म्हणजे तिच्या आईचा भाऊ, या एका उत्तरात तुम्ही अख्खी एक पिढी वर चढता. फोनवर रेकॉर्ड करा, अर्थात विचारून. मधेच चुका काढत बसू नका. दोन बहिणी असतील तर आधी वेगवेगळ्या बसवा आणि मग एकत्र, एकत्र बसल्या की भांडतात आणि भांडणातच खरी माहिती बाहेर पडते.

मग माळा. लग्नपत्रिका, आहेराच्या वह्या, फोटोच्या मागचं लिहिलेलं. आहेराची वही म्हणजे सोनं, त्यात कोणी काय दिलं त्याबरोबर गावाचं नाव असतं, आणि तुम्ही कधी न ऐकलेल्या गावावरून दोन-तीन आहेर आलेले दिसले तर तिकडे नातं आहे असं समजा. आणि भांडी विसरू नका. आमच्या मावशीच्या माळ्यावर एक पितळी घंगाळ होतं, काळंकुट्ट, भंगारात द्यायचं चाललं होतं. चिंच लावून घासलं तर काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं निघाली, "चि. सौ. कां. ठकूस मामाकडून", पुढे गावाचं नाव आणि शके १८५०. ठकू हे नाव तिथे पहिल्यांदा कळलं, घरात कुणालाच माहीत नव्हतं. शकेत ७८ मिळवले की इंग्रजी साल येतं, म्हणजे १९२८, पण शके पाडव्याला बदलतो त्यामुळे जानेवारी ते पाडवा यातलं काही असेल तर ७९ मिळवा.

ज्या घरात महालयाचं श्राद्ध करतात तिथे नावांची चिठ्ठी असते, तीत आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्या सपत्नीक असतात. ती आधी मागून घ्या, फुकटात सहा नावं.

आता सरकारी कागद. माझ्या मते सगळ्यात कामाचा फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदललं की होणारी नोंद. मामांच्या गावचा आजचा सातबारा महाभूमीच्या साइटवर बघता येतो, त्यावर जुन्या फेरफारांचे नंबर असतात, ते धरून मागे मागे जायचं. जमिनीचा मालक वारला की वारसांची नोंद होते, त्यात मुलींची नावं येतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगी मुलासारखीच पहिल्या वर्गातली वारस झाली, त्यामुळे त्यानंतरच्या फेरफारात बहिणी सापडायची शक्यता जास्त, त्याआधी बहुतेक फक्त मुलगेच. अर्थात तेव्हाही भावांनी बहिणींची नावं लपवलीच आहेत, त्यामुळे नाव नाही म्हणजे मुलगी नव्हती असं धरू नका. सातबाऱ्यावर "इतर हक्क" असा रकाना असतो तो नीट वाचा, बहिणींना बरेचदा तिथेच टाकलेलं असतं. आणि हक्कसोडपत्र मिळालं तर लॉटरीच, भावांसाठी बहिणींनी सही-अंगठा केलेला असतो आणि प्रत्येकीचं सासरचं नाव, राहणार कुठली, सगळं एका कागदावर. दुःखाचा कागद आहे खरा, पण आपल्या कामाचा. जुन्या कागदात "अमकी कोम तमका" किंवा "अमकी भ्र. तमका" दिसेल, त्याचा अर्थ तमक्याची बायको, आणि "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा.

बऱ्याच जिल्ह्यांतले जुने फेरफार स्कॅन होऊन आपले अभिलेख पोर्टलवर आलेत, तिथे नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करा. मला एका ठिकाणी "ते बाड वाळवीने खाल्लं" सांगितलं आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या माणसाने तेच बाड काढून दिलं, त्यामुळे परत जा. गाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे साल लिहून नेलं तर काम लवकर होतं, "माझ्या पणजीचं काहीतरी बघा" म्हटलं तर कोणी बघत नाही.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात, विदर्भात त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात बाळाचं नाव बहुतेक नसतंच, नुसतं बापाचं नाव आणि पुढे मुलगा किंवा मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून आईचा जन्म आजोळच्या गावात नोंदलेला असू शकतो, वडिलांच्या गावी दोन दिवस घालवण्याआधी तिकडे बघा. शाळेचं जनरल रजिस्टर पण बघा, मुलगी शाळेत गेलीच नसेल तर तिच्या भावाची नोंद बघायची, वडिलांचं पूर्ण नाव आणि जन्मगाव तरी मिळतं.

जुनं मोडीत असेल तर घाबरू नका. मोडीत शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, पण नावं आणि गावं ओळखायला थोड्या दिवसांत जमतं, आणि वाचून देणारे जाणकार भेटतात. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत आणि फसली सालात असतात, त्यात ५९० मिळवा, म्हणजे फसली १३४४ म्हणजे १९३४-३५.

नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे वंशावळीच्या वह्या असतात, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की काढून देतात, फक्त तिथे माहेरचं आडनाव सांगा, स्वतःचं नाही. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी, म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगणारे, यायचे, तिकडच्या घरांनी त्यांची चौकशी करावी. जनगणनेच्या नादी लागू नका, माणसागणिक माहिती गोपनीय असते.

जे मिळेल त्याच्यापुढे ते कुठून मिळालं ते लिहा, "मावशीने सांगितलं", "फेरफार", "भांडं". ठकूचं नाव मला शेवटी घंगाळावरच्या गावी नाही, शेजारच्या गावच्या फेरफारात मिळालं, घंगाळावरचं गाव तिच्या मामाचं होतं आणि मी ते तिचं माहेर समजून बसले होते. आता त्या मामाच्या बहिणीचं, म्हणजे ठकूच्या आईचं नाव शोधतेय, पुढच्या आठवड्यात त्याच तहसीलला जायचंय.