घरशाळेचं वेळापत्रक तिसऱ्याच दिवशी कोलमडतं? या चुका टाळा

शाळेतून काढून मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा पहिल्याच जूनमध्ये मी भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. आठ ते पावणेनऊ मराठी, पावणेनऊ ते साडेनऊ गणित, मग दहा मिनिटांची सुट्टी. तीन रंगांची स्केचपेनं वापरली होती. मुलं तिघं, वयं नऊ, सहा आणि अडीच. तिसऱ्या दिवशी गणिताच्या ऐन मध्यात धाकटीने दुधाचा पेला वहीवर उपडा केला, मधला हसत सुटला आणि थोरली म्हणाली, "आई, आता सुट्टी सुरू झाली." तक्ता आठवडाभर भिंतीवर होता, तो केवळ आम्हाला तो काढायला वेळ मिळाला नाही म्हणून.

शाळेचं वेळापत्रक घरात आणणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटातून निघतात. शाळेत तास आणि घंटा असते, कारण एकाच बाईंना चार वर्गांवर जायचं असतं, हजेरी घ्यायची असते, चाळीस मुलं शांत करायची असतात. घरी यातलं काहीच नाही. मांडीला मांडी लावून बसलेल्या एका मुलाला हातच्याची वजाबाकी वीस मिनिटांत समजते, आणि नाही समजली तर चाळीस मिनिटांतही समजत नाही, त्या दिवशी सोडून द्यावी. आमच्याकडे सहा वर्षांच्या मुलाचं बसून करायचं काम दिवसाला पाऊण तास होतं, तेही तुकड्यातुकड्यांनी. नऊ वर्षांच्या मुलीचं दीड ते दोन तास. "एवढंच?" असं सासूबाईंनी विचारलं होतं. एवढंच.

घड्याळाऐवजी क्रम ठरवा. घरात रोज होणाऱ्या गोष्टी खुंट्यांसारख्या वापरा. नाश्ता झाला की गोष्ट, गोष्ट संपली की गणित, कुकर लावला की थोरलीने मधल्याचं वाचन ऐकायचं, धाकटी झोपली की थोरलीचं लेखन, दिवेलागणीला पाढे. नाश्ता तासभर उशिरा झाला तर सगळंच तासभर पुढे सरकतं, पण मोडत काहीच नाही. "आपण मागे पडलो" हे वाक्यच घरातून जातं.

धाकट्याला उरलासुरला वेळ देणं

मोठ्यांचा अभ्यास उरकला की धाकटीशी खेळू, असं ठरवलं की धाकटी अभ्यास उरकू देत नाही. म्हणून उलट करा. सकाळची पहिली पंधरा-वीस मिनिटं तिची, मोबाइल बाजूला ठेवून. पोट भरल्यासारखं होतं तिचं.

त्यानंतर तिचा डबा काढायचा. आमच्याकडे त्याला 'गणिताचा डबा' म्हणतात आणि तो फक्त मोठ्यांच्या गणिताच्या वेळीच उघडतो. त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे, रिकाम्या बरण्या आणि त्यांची झाकणं, पाटी, रंगाचा ब्रश आणि वाटीभर पाणी. पाण्याने पाटीवर रंगवायचं, वाळलं की पुन्हा रंगवायचं. दिवसभर हाताशी ठेवला तर हाच डबा चार दिवसांत शिळा होतो. चिंचोके, मणी, वाटाणे मात्र तीन वर्षांखालच्या मुलाच्या डब्यात अजिबात नकोत, नाकात-घशात जातात. आणि डबा बारा मिनिटं टिकतो, जास्त नाही. अवघड गणित त्या बारा मिनिटांत घ्यायचं.

तीन मुलांसाठी तीन शाळा चालवणं

गणित आणि वाचन ज्याच्या-त्याच्या पातळीवरच व्हायला हवं. पण परिसर, गोष्टी, गाणी, चित्रं यांना इयत्ता कशाला? जुलैमध्ये आम्ही गच्चीवर पाऊस मोजला. सरळ उभ्या बाजूंची, सपाट तळाची काचेची बरणी ठेवली. मधल्याने रोज सकाळी पट्टी लावून आकडा वहीत लिहायचा, थोरलीने महिन्याचा स्तंभालेख काढून वर्तमानपत्रातल्या मिलिमीटरशी ताडून पाहायचा, धाकटीने बरणी ओतून रिकामी करायची. तिला आपलंच काम सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं.

एक दिवस मधल्याने विचारलं, "मोठी बरणी ठेवली तर जास्त पाऊस येईल का?" ठेवून बघितली. आकडा जवळपास तोच, कारण तोंड मोठं तसा तळही मोठा. मग थोरलीने बादली ठेवली आणि तिच्यात मात्र आकडा जास्त आला. बादली वर रुंद आणि खाली निमुळती असते, हे तिला शोधायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत भूगोलाचं पुस्तक उघडलं नाही.

पाढ्यांचंही तसंच. मधला बेचा पाढा म्हणतो तेव्हा थोरली निमकी (अर्ध्याचा पाढा) किंवा दिडकी (दीडाचा पाढा) म्हणते. जुन्या लोकांची ही उजळणी वेगवेगळ्या वयांना एकत्र बसवायला फार सोयीची आहे.

थोरल्याला बिनपगारी मास्तर करणं

दहा मिनिटं वाचून दाखवणं ठीक. तासभर सांभाळायला लावलं की तिचं बालपण आणि तुमचा अभ्यास, दोन्ही बिघडतात.

राहिलेलं उद्यावर चढवणं

ताप येतो, पाहुणे येतात, गणपती येतात. राहिलेलं दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला गेलात तर तोही दिवस जातो. आम्ही आठवड्याचे चारच दिवस आखतो, पाचवा कोरा ठेवतो. अगदी वाईट दिवशी तीनच गोष्टी: काहीतरी वाचणं, थोडं गणित, घराबाहेर अर्धा तास.

पुढची आखणी जेमतेम करा, पण झालेलं मात्र तारखेसह लिहून ठेवा. रात्री तीन ओळी पुरतात. ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठीच्या २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशाळेचा वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे कोणी विचारलं तर दाखवायला ही वही असलेली बरी. पुढे दहावीला एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, बसायचं की राज्य मंडळाचा बाहेरून परीक्षा देण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म भरायचा, हे ठरवतानाही मुलाची वाटचाल समोर राहते. एनआयओएसच्या दहावीला किमान वय १४ लागतं, तेव्हा सहा वर्षांच्या मुलासाठी आजच झोप उडवून घेऊ नका.

वहीचा आणखी एक उपयोग मला उशिरा कळला. सहा महिन्यांची पानं चाळली तेव्हा "भांडण" हा शब्द जवळजवळ रोज अकराच्या आसपास सापडला. मी आधी क्रम बदलला, मग जागा बदलली, मग मधल्यावर चिडले. मुलांना भूक लागत होती. आता साडेदहाला गूळ-तूप घालून पोळीचे लाडू करते. भांडणं होतातच, पण जेवणानंतर.