भाला सोडण्यापूर्वी: मिनेसोटाच्या गोठलेल्या तलावांवर पाइक मारणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत, गोठलेल्या तलावाला भोक पाडून आणि त्यावर आतून अंधारे खोपटे उभारून, नॉर्दर्न पाइक हा मासा भाल्याने मारण्याची परवानगी आहे. ही परवानगी किती मोकळी असावी यावर गळाने मासे धरणारे आणि भालेकरी यांच्यात जुना वाद आहे. तिकडे स्थायिक झालेल्या ज्या मराठी मंडळींना हा छंद करून पाहायचा असेल, त्यांनी साहित्य घेण्याआधी या वादाचे मूळ समजून घ्यावे. गळाला लागलेला मासा हातात घेऊन मोजता येतो, ओळखता येतो आणि नियमात बसत नसेल तर परत पाण्यात सोडता येतो. भाला लागलेल्या माशाच्या बाबतीत यातले काहीही शक्य नसते. मोजणे, ओळखणे आणि सोडून देणे ही तिन्ही कामे भालेकऱ्याला मासा पाण्यात मोकळा फिरत असतानाच, काही सेकंदांत, नजरेने उरकावी लागतात.

नियमांची मांडणी याच अडचणीभोवती झालेली आहे. 2018 पासून पाइकसाठी राज्याचे तीन विभाग केलेले आहेत. उत्तर-मध्य विभागात दहा मासे नेता येतात, त्यांपैकी 26 इंचांपेक्षा मोठे दोनच चालतात, आणि 22 ते 26 इंचांमधला प्रत्येक मासा गळ टाकणाऱ्याने सोडून द्यायचा असतो. भालेकऱ्याला मात्र येथे थोडी सवलत आहे: दहांपैकी 26 इंचांवरचे दोन, किंवा 22 ते 26 इंचांमधला एक आणि 26 इंचांवरचा एक. ईशान्य विभागात मर्यादा दोन माशांची असून गळ टाकणाऱ्यांना 30 ते 40 इंचांमधले मासे सोडावे लागतात आणि 40 इंचांवरचा एकच ठेवता येतो; भालेकऱ्याच्या दोन माशांपैकी 26 इंचांपेक्षा मोठा एकच असावा लागतो. दक्षिण विभागात दोघांनाही एकच नियम आहे, दोन मासे आणि प्रत्येक किमान 24 इंच. काही तलावांना याहून वेगळे नियम आहेत आणि काही तलावांत भाल्याला पूर्ण मनाई आहे, म्हणून परवाना घेताना राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची त्या वर्षीची नियमपुस्तिका घ्यावी आणि आपल्या तलावाचे नाव तिच्यात स्वतः शोधावे.

लहान मासा सोडावा आणि मोठा घ्यावा, हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पापलेटच्या पिल्लांबद्दल ऐकत आलेल्या माणसाला लगेच पटते, पण उत्तर-मध्य विभागातला नियम नेमका उलटा का, हा प्रश्न त्याला पडतो. तेथील कित्येक तलावांत लहान पाइकची संख्या फार वाढलेली आहे; हे बारके मासे पर्च या माशाचा फडशा पाडतात, अन्नासाठी एकमेकांशीच झगडतात आणि वर्षानुवर्षे वाढत नाहीत. मोठे पाइक मात्र माणसेच वेचून नेतात. मोठ्या पाइकमध्ये माद्या अधिक असतात, कारण या जातीत मादी नरापेक्षा मोठी होते. त्यामुळे लहान मासे मुबलक न्यावेत आणि मधल्या आकाराच्या माशांना मोठे होऊ द्यावे, असा हा हिशेब आहे. भालेकऱ्यांवरचा आक्षेपही येथूनच निघतो: स्वच्छ पाण्यात खाली पाहणारा माणूस लहान मासे जाऊ देतो आणि मोठ्या मादीची वाट पाहतो. भालेकरी यावर सांगतात की त्यांची संख्या गळ टाकणाऱ्यांच्या तुलनेत थोडी आहे, आणि गळावरून सोडलेले सगळेच मासे जगतात असेही नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. माझ्या मते उत्तर-मध्य विभागातली सवलत रास्त आहे, कारण तिच्यामुळे अंदाज चुकलेला मासा चोरून टाकून देण्याची वेळ येत नाही. पण जेथे मोठे पाइक मोजकेच उरले आहेत तेथे भालेकऱ्यांनी अधिक कडक मर्यादा आपणहून स्वीकारायला हवी.

आता प्रत्यक्ष तयारी. पायी जाण्यासाठी किमान चार इंच पारदर्शक, नवा बर्फ लागतो; पांढरट, हवा अडकलेला बर्फ कमकुवत असतो, म्हणून तो याच्या दुप्पट जाड असल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नये, आणि चालताना ठिकठिकाणी भोक पाडून जाडी मोजत जावे. जागा निवडताना पाणवनस्पतींच्या पट्ट्याची खोल पाण्याकडची कड पाहावी, कारण पाइक तेथे दबा धरून असतो. भोक साधारण दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब ठेवले तर भाला फिरवायला अडचण येत नाही. खोपट्यात उजेड येऊ देऊ नये: आत पूर्ण काळोख असला की खालचे पाणी आपोआप उजळलेले दिसते. खोपट्यावर मालकाची ओळख लिहिणे आवश्यक असते, आणि ते रात्रभर ठेवायचे असेल तर प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्याही लावाव्या लागतात. गॅसची शेगडी वापरताना हवा खेळती ठेवावी, कारण बंद खोपट्यात साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. निघताना उघडे भोक फांद्यांनी किंवा ठळक खुणेने दाखवावे; वरून पातळ बर्फ धरलेले एवढे मोठे भोक मागाहून येणाऱ्याला दिसत नाही.

माशाला जवळ बोलावण्यासाठी लाकडी मासा वापरतात. त्याला पत्र्याचे पर असतात आणि पोटात शिसे भरलेले असते, त्यामुळे दोरी हलक्या हाताने हलवली की तो गोल घिरट्या घालतो. या प्रदेशातले मूळनिवासी ओजिब्वे लोक असे मासे कोरून, भोकावर कातड्याचे आच्छादन घेऊन, राज्य आणि त्याचे नियम अस्तित्वात येण्याच्या फार पूर्वीपासून बर्फाखाली शिकार करत आले आहेत. त्यांच्यातल्या मिल लॅक्स समूहाचे 1837 च्या करारातले शिकारीचे व मासेमारीचे हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये कायम ठेवले. ते हक्क राज्याच्या परवान्याहून वेगळे आहेत आणि त्यांना या वादात ओढणे चुकीचे आहे.

सर्वांत कठीण काम लांबी ओळखण्याचे, आणि येथे पाणी नजरेला फसवते. सरळ वरून पाहिले तर आठ फुटांवरचा मासा सहा फुटांवर असल्यासारखा भासतो, म्हणून तो आहे त्याहून मोठा वाटतो. यावर उपाय म्हणून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीवर 22, 24 आणि 26 इंचांवर काळ्या पट्ट्या काढाव्यात, ती दोरीने तळाशी सोडावी आणि जाताना वर ओढून घ्यावी. तरीही एक गफलत उरते: मासा तळापासून बराच वर असेल तर तो नळीपेक्षा आपल्या डोळ्यांना जवळ असतो आणि तुलनेत लांब दिसतो. सत्तावीस इंचांचा वाटलेला मासा प्रत्यक्षात पंचवीस इंचांचा, म्हणजे नेमका संरक्षित टप्प्यातला निघू शकतो, आणि दक्षिणेत चोविसाचा वाटलेला बाविसाचा. म्हणून लाकडी माशाची लांबी पाठ असावी आणि पाइक त्याच्या शेजारी, त्याच खोलीवर आला की दोघांची तुलना करावी. सीमेच्या आसपासच्या माशावर भाला टाकू नये. तीस इंचांचा मासा शंकेला जागा ठेवत नाही आणि अठरा इंचांचाही नाही.

दुसरी ओळख मस्कीची. मस्की म्हणजे मस्कीलंज हा मासा पाइकचाच भाऊबंद असून त्याच्यावर भाला टाकणे बेकायदेशीर आहे, आणि गळ टाकणाऱ्यांनाही राज्याच्या बहुतेक पाण्यांत 54 इंचांखालची मस्की ठेवता येत नाही. मासा हातात असेल तर खालच्या जबड्याची छिद्रे मोजता येतात, पाइकला प्रत्येक बाजूस पाच किंवा कमी आणि मस्कीला सहा किंवा अधिक. पण खोपट्यातून जबड्याची खालची बाजू दिसत नाही. तेथे रंग आणि शेपूट यांवर भिस्त ठेवावी लागते. गडद अंगावर फिकट ठिपके असतील तर पाइक. फिकट अंगावर गडद पट्टे किंवा डाग असतील, किंवा अंग साफ फिकट असेल, तर मस्की. पाइकच्या शेपटीची टोके गोलसर असतात, मस्कीची टोकदार. ढगाळ दिवशी, बर्फावर हिमाचा थर असताना, हे फरक पुसट होतात, आणि अशा वेळी मासा निघून जाऊ देणे हाच एकमेव योग्य निर्णय असतो.

ओळख आणि लांबी दोन्ही पटल्यावर भाल्याचे दाते हळूच पाण्याखाली न्यावेत, म्हणजे भाला सोडताना पाणी खळबळत नाही. मासा सरळ खाली, आडवा आणि स्थिर येईपर्यंत थांबावे, आणि डोक्याच्या लगेच मागे नेम धरावा. तिरका किंवा घाईचा घाव घालू नये. जखमी होऊन निसटलेला पाइक कोणाच्याच मोजणीत येत नाही, पण तलावातून तो बहुधा गेलेलाच असतो. भाल्याची दोरी खोपट्याला आधीच बांधलेली असावी.

मासा वर काढला की लगेच मोजावा, आणि साफ करताना नर की मादी ते पाहावे. जानेवारीतच मादीच्या पोटात गाभोळीच्या दोन लांबट पिशव्या भरत आलेल्या असतात, कारण पाइक बर्फ वितळताच दलदलीच्या उथळ गवतात अंडी घालतो. तारीख, तलाव, खोली, लांबी आणि नर-मादी यांची नोंद वहीत ठेवावी; भाला न टाकता जाऊ दिलेल्या माशांचीही अंदाजे लांबी लिहावी. नियम बदलण्यापूर्वी नैसर्गिक संसाधन विभाग सार्वजनिक बैठका घेतो आणि लेखी मते मागवतो. त्या वेळी भालेकऱ्यांच्या संघटनेने किंवा मस्कीप्रेमींच्या मंडळाने लिहून दिलेले ठरीव पत्र पाठवण्याऐवजी आपल्या तलावाची वही सोबत जोडावी, किती मोठ्या माद्या दिसल्या आणि किती मारल्या ते आकड्यांत सांगावे, आणि त्या आकड्यांवरून मर्यादा कमी करणे योग्य ठरत असेल तर तसे स्पष्टपणे लिहावे, जरी त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात आपल्याच वाट्याला एक मासा कमी येणार असला तरी.