छेद आला की अडणारी समीकरणे

साधी समीकरणे भराभर सुटतात आणि छेद दिसला की गाडी अडते. चूक बहुधा क्ष काढण्यात नसते. लसावि घेताना नाहीतर कंस सोडवताना ती झालेली असते. म्हणून सुरुवात अवयवांपासून.

अवयव जोडीजोडीने लिहा. ७२ साठी: १ × ७२, २ × ३६, ३ × २४, ४ × १८, ६ × १२, ८ × ९. पुढची जोडी ९ × ८, म्हणजे तीच उलटी; इथे थांबायचे. संख्या मूळ आहे का हे बघतानाही हाच हिशेब. ९१ ही १० च्या वर्गापेक्षा लहान, म्हणून २, ३, ५ आणि ७ ने भागून पाहिले की पुरे. बरेच जण ५ वर थांबतात आणि ९१ ला मूळ ठरवतात. ती ७ × १३ आहे.

मसावि-लसाविसाठी मूळ अवयव पाडा:

७२ = २ × २ × २ × ३ × ३
६० = २ × २ × ३ × ५

दोन्हींत सामाईक असलेले तेवढे घेतले की मसावि १२. प्रत्येक मूळ अवयव जिथे जास्त वेळा आला आहे तितक्या वेळा घेतला की लसावि ३६०. ताळा: १२ × ३६० = ७२ × ६० = ४३२०. (तीन संख्या असतील तर हा ताळा लागू पडत नाही.)

आता समीकरण:

(क्ष − १)/४ − (क्ष + २)/६ = १

४ आणि ६ चा लसावि १२. प्रत्येक पदाला १२ ने गुणा, उजवीकडच्या १ लासुद्धा. तो एकटा १ हमखास विसरला जातो.

३(क्ष − १) − २(क्ष + २) = १२
३क्ष − ३ − २क्ष − ४ = १२
क्ष − ७ = १२
क्ष = १९

दुसऱ्या ओळीतला − ४ नीट पाहा. अपूर्णांकाची आडवी रेघ हा न दिसणारा कंसच असतो. छेद गेला की तो कंस लिहून दाखवावा लागतो, आणि बाहेरचा − २ आतल्या दोन्ही पदांना गुणतो. तिथे + ४ लिहिले तर उत्तर ११ येते. ते मूळ समीकरणात ठेवले की डावी बाजू १/३ भरते, १ नाही. १९ ठेवल्यावर १८/४ − २१/६ = ४.५ − ३.५ = १. ताळा नेहमी मूळ समीकरणातच घ्या. मधल्या ओळीत घेतला तर त्याआधीची चूक सापडत नाही.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे पाठ केलेले वाक्य अर्धेच खरे आहे. बेरीज-वजाबाकीला ते चालते. ५क्ष = २० मध्ये मात्र ५ गुणाकारात आहे, म्हणून दोन्ही बाजूंना ५ ने भागायचे: क्ष = ४. क्ष = २० − ५ असे लिहिणारे पुष्कळ, कारण त्यांनी वाक्य लक्षात ठेवले, क्रिया नाही.

शाब्दिक उदाहरणात शब्दांचा क्रम फसवतो. ‘संख्येच्या तिपटीपेक्षा ७ ने कमी’ म्हणजे ३क्ष − ७. ‘७ मधून संख्येची तिप्पट वजा’ म्हणजे ७ − ३क्ष. संशय आला तर क्ष च्या जागी १० धरून वाक्य पुन्हा वाचा: तिसापेक्षा सात कमी, तेवीस. मांडणीतून २३ येत नसेल तर पुढे सोडवत बसू नका.