फ्रीलान्स व्हिडिओ एडिटिंग सुरू करताय? या चुका टाळा

सॉफ्टवेअर अंगवळणी पडलंय, ओळखीचे लोक कामाचं कौतुकही करतात, पण पैसे येत नाहीत. किंवा येतात ते रात्री जागून केलेल्या कामाच्या मानाने फारच थोडे. नव्या एडिटरांची ही नेहमीची रड. त्यांची कामं पाहिली तर कट बहुतेक वेळा ठीकच असतात. घोळ असतो तो काम घेतानाच्या बोलण्यात आणि काम देतानाच्या फायलींमध्ये. म्हणून इथे ट्रान्झिशन आणि इफेक्टबद्दल जवळपास काही सापडणार नाही.

शोरील बघून काहीच कळत नाही

नव्या एडिटरची शोरील, म्हणजे आपल्या कामाचे तुकडे जोडलेला नमुना व्हिडिओ, कशी असते? दणदणीत म्युझिक, त्यावर धडाधड कट आणि दर दोन सेकंदांनी झूम. बघायला मजा येते, पण मुलाखतींचं चॅनल चालवणाऱ्याला त्यातून काय समजणार? त्याला एवढंच हवं असतं की त्याची रटाळ मुलाखत हा माणूस ऐकण्यासारखी करेल का.

शिवाय चांगलं एडिटिंग दिसत नाही, हीच या धंद्यातली अडचण. तयार व्हिडिओ बघून त्यात एडिटरने किती कचरा काढला ते कुणालाच कळत नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे ‘आधी आणि नंतर’ची अर्ध्या मिनिटाची क्लिप. आधी कच्चं फुटेज तसंच दाखवा: अडखळणं, पंख्याचा आवाज, पिवळट चेहरा. मग तोच तुकडा एडिट केलेला. अशा दोन-तीन क्लिप लांबलचक शोरीलपेक्षा जास्त काम मिळवून देतात.

हातात काम नसेल तर फुटेज स्वतः शूट करा, नाहीतर ओळखीच्या कुणाचं तरी कच्चं फुटेज परवानगी घेऊन वापरा. दुसऱ्याचा प्रसिद्ध व्हिडिओ पुन्हा एडिट केला असेल तर तो सराव आहे हे स्पष्ट लिहा. तो क्लायंटचं काम म्हणून खपवला की कधीतरी पकडले जाताच. आणि ‘जाहिरात, रील, पॉडकास्ट, ॲनिमेशन सगळं करतो’ असं लिहू नका. एका प्रकारचे तीन नमुने असलेला माणूस पटकन लक्षात राहतो.

मिनिटावर दर लावणं

‘एका मिनिटाचे किती?’ असं क्लायंट विचारतो आणि आपण आकडा सांगून मोकळे होतो. इथेच फसतो. आठ मिनिटांची मुलाखत घ्या. कच्चं फुटेज 40 मिनिटांचं. एकदा पूर्ण बघण्यात 40 मिनिटं गेली. निवड आणि रफ कट (पहिली कच्ची जुळणी) तीन तास, आवाज आणि कलर दीड तास, सबटायटल एक तास, एक्स्पोर्ट आणि अपलोड अर्धा तास, दुरुस्त्या दीड तास. झाले आठ तासांच्या वर. आता एका मिनिटाची रील घ्या, जिच्यासाठी दोन तासांचं फुटेज चाळायचंय आणि शब्दागणिक कॅप्शन हलवायचीय. तिला मिनिटाचा दर लावला तर दिवस वाया गेलाच म्हणून समजा.

आकडा सांगण्याआधी कच्चं फुटेज किती, कॅमेरे किती, आवाज वेगळा रेकॉर्ड केलाय का, सबटायटल हवीत का, हे विचारा. मग तास मोजा आणि क्लायंटला एका कामाची एकच रक्कम सांगा. तासांचा हिशेब आपल्यापाशी ठेवा. फायव्हरसारख्या फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या साइटवर काम घेणार असाल तर तिथे विक्रेत्याच्या कमाईतून 20 टक्के कापले जातात, तेही आधीच धरा.

फुकट सॅम्पलची मागणी येईलच. तीस सेकंदांचा तुकडा करून द्यायला हरकत नाही. पूर्ण व्हिडिओ ‘ट्रायल’ म्हणून मागणाऱ्याला मात्र पूर्ण व्हिडिओच फुकट हवा असतो.

‘जरा अजून भारी कर’

सगळ्यात जास्त पैसा इथे गळतो. पहिला कट पाठवला की उत्तर येतं, ‘मस्त! जरा अजून भारी कर.’ भारी म्हणजे काय? वेग वाढवायचा, म्युझिक बदलायचं की रंग? अंदाजाने काहीतरी केलं की दुसऱ्या दिवशी त्यांचा भागीदार म्हणतो, आधीचंच बरं होतं. असं तीनदा झालं की तासाचा दर निम्म्यावर येतो आणि चिडचिड वाढते ती वेगळीच.

यात क्लायंटचा दोष कमी असतो. त्याला एडिटिंगची भाषा येत नाही, आणि नेमकं काय सांगायचं हे आपणही विचारलेलं नसतं. म्हणून काम सुरू करण्याआधीच असा एक मेसेज पाठवायचा:

‘कच्चं फुटेज 40 मिनिटांपर्यंत, तयार व्हिडिओ साधारण 8 मिनिटांचा, आडवा, सबटायटलसह. फुटेज मिळाल्यापासून चार दिवसांत पहिला कट. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. प्रत्येक फेरीत सगळ्या सूचना एकत्र, वेळेसह, एकाच व्यक्तीकडून. नवं फुटेज, बदललेली स्क्रिप्ट किंवा उभी आवृत्ती हे वेगळं काम. अर्धे पैसे आधी. उरलेले वॉटरमार्कचा (चित्रावर खूण छापलेला) कट मंजूर झाल्यावर, मग स्वच्छ फाइल. प्रोजेक्ट फाइल यात धरलेली नाही.’

यावर ‘ओके’ आलं तरी पुष्कळ. फोनवर ठरलं असेल तरी नंतर हे लिहून पाठवा. प्रोजेक्ट फाइल म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधली सगळे कट असलेली मूळ फाइल. तिचं वाक्य नव्या लोकांकडून हमखास राहून जातं. मग शेवटी क्लायंट ती सहज मागतो आणि नाही म्हटलं की वाईटपणा येतो.

दुसरी सवय म्हणजे टप्प्याटप्प्याने मंजुरी घेणं. कलर आणि सबटायटल करण्याआधी रफ कट दाखवा. मजकूर आणि क्रम पक्का झाला, म्हणजे पिक्चर लॉक झालं, की मगच पुढचं. सगळं सजवून झाल्यावर मधलं दीड मिनिट उडालं तर म्युझिक, सबटायटल सगळंच सरकतं. सूचना घेण्यासाठी फ्रेम डॉट आयओसारखं साधन असेल तर त्या थेट त्या-त्या सेकंदावर लिहिता येतात. नसेल तर व्हिडिओच्या कोपऱ्यात टाइमकोड (त्या क्षणाची वेळ) दिसेल असा कट पाठवा. ‘ते मधलं’ असली वाक्यं बरीच कमी होतात.

तांत्रिक घोळ आणि त्यावरचे उपाय

*आवाज हळूहळू ओठांच्या पुढे-मागे जातो.* सुरुवातीला सगळं जुळलेलं, दहाव्या मिनिटाला ओठ वेगळे आणि शब्द वेगळे. फुटेज फोनचं किंवा स्क्रीन रेकॉर्डिंगचं असेल तर बहुधा कारण व्हेरिएबल फ्रेम रेट. फोन प्रकाश आणि प्रोसेसरवरच्या ताणानुसार दर सेकंदाच्या फ्रेम कमी-जास्त करतो. टाइमलाइन मात्र ठरलेल्या वेगाने चालते. आवाज हाताने सरकवत बसू नका. फुटेज हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटवर बदला आणि मग एडिटला घ्या. कट करून झाल्यावर कळलं तर दुप्पट काम, म्हणून फुटेज आल्या आल्या लांब क्लिपचा शेवट तपासायचा.

*फोनचं फुटेज टाइमलाइनवर पांढरंफटक दिसतं.* हल्लीचे अनेक फोन एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणाऱ्या पद्धतीत) शूट करतात आणि आपली टाइमलाइन असते साध्या रेक 709 ची, म्हणजे नेहमीच्या व्हिडिओच्या रंगांच्या मानकाची. ब्राइटनेस खाली खेचून हे सुटत नाही. क्लिपची कलर स्पेस सॉफ्टवेअरला नीट सांगा आणि टोन मॅपिंग (एचडीआरचा उजेड साध्या व्हिडिओत बसवणं) चालू करा.

*टाइमलाइन अडकते.* लगेच नवा कॉम्प्युटर घेऊ नका. एच 265 या फाइल खूप दाबणाऱ्या पद्धतीचं 4के फुटेज उलगडताना बऱ्याच मशीन धापा टाकतात. कमी रिझोल्यूशनच्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, बनवून त्यावर कट करा. एक्स्पोर्ट मूळ फायलींवरूनच होतो. महागडं सॉफ्टवेअरही सुरुवातीला लागत नाही. दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत 3840 बाय 2160 पर्यंत एक्स्पोर्ट मिळतो, आणि पहिल्या कामांना तेवढं पुरतं.

*आवाज बारीक किंवा फाटलेला.* प्रेक्षक धूसर चित्र चालवून घेतील, खराब आवाज नाही. यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे 14 एलयूएफएसपर्यंत (हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) खाली आणतं. त्यामुळे त्याच्या आसपास ठेवा, पीक, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, उणे 1 डेसिबलच्या खाली. टीव्हीसाठीचं काम असेल तर हिशेब वेगळा. युरोपीय प्रसारणाचं मानक उणे 23 आहे. हेडफोनवर मिक्स केल्यावर एकदा फोनच्या स्पीकरवर ऐकाच. म्युझिकखाली बोलणं दबलंय का ते तिथेच कळतं.

*फाइल पाठवली आणि क्वालिटी गेली.* बहुतेकदा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली असते, आणि तिथे ती दाबली जाते. ड्राइव्हची लिंक द्या, अगदीच घाई असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. यूट्यूब 30 फ्रेमच्या 1080पी साठी 8 एमबीपीएस बिटरेट (सेकंदाला किती डेटा) सुचवतं, म्हणजे मिनिटाला साधारण 60 एमबी. फाइल याच्या पाव आकाराची झाली असेल तर एक्स्पोर्ट सेटिंग तपासा. पेनड्राइव्हवर मोठी फाइल जातच नसेल तर तो एफएटी 32 मध्ये फॉरमॅट केलेला असेल, त्यात 4 जीबीवरची फाइल बसत नाही. एक्सफॅट करा, पण त्याआधी आतला डेटा काढून घ्या.

*देवनागरी कॅप्शन तुटतात.* पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. प्रीमिअरमध्ये असं झालं तर प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवर ठेवा आणि युनिकोड फॉन्ट वापरा. उभ्या व्हिडिओत कॅप्शन अगदी तळाशीही ठेवू नका. तिथे ॲपमध्ये चॅनलचं नाव, वर्णन आणि बटणं येतात.

म्युझिक आणि लायसन्स

‘यूट्यूबवर नो कॉपीराइट लिहिलं होतं’ हे उत्तर क्लायंटसमोर चालत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्समध्येही प्रकार आहेत: बीवाय असेल तर श्रेय द्यावं लागतं, एनसी असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही. विकत घेतलेलं म्युझिक असलं तरी कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या आपोआप कॉपीराइट ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दावा येऊ शकतो, आणि तो येतो क्लायंटच्या चॅनलवर. म्हणून लायसन्सचा कागद अंतिम फायलीसोबतच द्या. जमेल तिथे क्लायंटलाच स्वतःच्या नावाने लायसन्स घ्यायला सांगा.

फुटेज उडालं तर

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. मेमरी कार्ड क्लायंटकडून आलं असेल तर कॉपी तपासल्याशिवाय परत देऊ नका, आणि स्वतः फॉरमॅट तर अजिबातच नको. काम संपल्यावर फुटेज किती दिवस ठेवणार हेही सांगून टाका, नाहीतर वर्षभराने फोन येतो आणि हार्ड डिस्क फुकटचं गोदाम होते.

पैसे अडकले तर

बिलावर ‘लवकरात लवकर’ लिहू नका, तारीख लिहा. तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी साध्या शब्दांत आठवण करा, संकोच नको. वॉटरमार्कचा कट मंजूर होऊनही ‘आधी स्वच्छ फाइल द्या, आज अपलोड करायचीय’ असा आग्रह झाला तर अर्ध्या तासात पैसे पाठवणंही त्यांना जमण्यासारखं असतं, हे लक्षात ठेवा. जुन्या, वेळेवर पैसे देणाऱ्या क्लायंटला सूट द्यायला हरकत नाही. नव्याला आधीचं बिल भरेपर्यंत पुढचं फुटेज उघडायचं नाही.