स्टार्ट-स्टॉपला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

"दादा, ते सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं ना, ते कायमचं काढून टाका." आठवड्यात दोन-तीन जण तरी हे वाक्य घेऊन गॅरेजला येतात. आणि त्यांच्या पाठोपाठ दुसरं गिऱ्हाईक, "दादा, पूर्वी सिग्नलला बंद व्हायचं, आता होतच नाही, बघा ना काय झालंय." दोघांनाही मी आधी एकच विचारतो, बॅटरी कधी बदलली आणि कुठून. मग समोरचा इकडेतिकडे बघायला लागतो.

पुण्यात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतोय बरीच वर्षं. स्कॉर्पिओ-बोलेरोवर मायक्रो हायब्रिडचा बिल्ला यायचा तेव्हापासून ही स्टार्ट-स्टॉप सिस्टीम बघतोय, म्हणजे थांबलं की इंजिन आपोआप बंद, निघताना आपोआप चालू. मग २०१४ ला हिरोने स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये ती आय३एस नावाने दिली, २०१५ ला मारुतीच्या सियाझमध्ये एसएचव्हीएसमधून आली, आणि आता तर साध्या हॅचबॅकमध्ये पण असते. चुका मात्र त्याच त्या.

साधी बॅटरी टाकणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

साध्या गाडीला दिवसातून चार-पाच वेळा स्टार्टर मारावा लागतो. स्टार्ट-स्टॉपवाली गाडी कोथरूडहून हडपसरला जाऊन येईपर्यंत तीस-चाळीस वेळा बंद-चालू होते, आणि प्रत्येक वेळी इंजिन बंद असताना एसीचा ब्लोअर, लाइट, म्युझिक सगळं बॅटरीवरच. म्हणून कंपनी ईएफबी नाहीतर एजीएम बॅटरी देते, म्हणजे सारखं बंद-चालू सोसणारी दणकट जात. ती दीड-दोन हजाराने महाग असते, आणि तिथेच आपल्या लोकांचा पाय घसरतो. "अँपिअर तेवढेच आहेत की, मग काय फरक?" फरक आतल्या प्लेटमध्ये आहे हो, स्टिकरवर नाही.

ओळखीतले एक काका. संध्याकाळी सातला फोन, "अरे नळ स्टॉपला अडकलोय, सिग्नलला बंद झाली ती झालीच, मागे पीएमटी हॉर्न मारतीये." स्कूटरवर जंप केबल टाकून गेलो. क्लच दाबला की नुसतं टिक टिक टिक. बॉनेट उघडलं तर बॅटरी साधी, तीन महिन्यांपूर्वी कुठल्यातरी दुकानातून टाकलेली. पण खरी गंमत पुढे होती. मायनस टर्मिनलवर काडेपेटीएवढा एक काळा डबा असतो, तो बॅटरी सेन्सर. बॅटरीत किती करंट गेला, किती बाहेर पडला याचा हिशोब तो ठेवतो, आणि त्या हिशोबावर गाडी ठरवते की सिग्नलला इंजिन बंद करायचं का नाही. काकांनी मागे अँप्लिफायर बसवला होता आणि बसवणाऱ्या पठ्ठ्याने त्याची अर्थिंगची, म्हणजे मायनसची वायर थेट बॅटरीच्या मायनस खुंटाला आवळली होती, म्हणजे सेन्सरच्या अलीकडे. अँप जेवढा करंट खाणार तो सेन्सरच्या वहीत येतच नाही! मुलीचा क्लास सुटेपर्यंत काका रोज अर्धा-पाऊण तास इंजिन बंद ठेवून गाणी ऐकत बसायचे. गाडीच्या मते बॅटरी टुमटुमीत, प्रत्यक्षात तिच्यात जीव नाही. त्या भरवशावर गाडीने सिग्नलला इंजिन बंद केलं, आणि काका शिव्या घालतायत सिस्टीमला.

दुसऱ्या दिवशी ईएफबी टाकली, अँपची अर्थिंगची वायर उचलून बॉडीवर घेतली, स्कॅनर लावून नवी बॅटरी टाकल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरला सांगितलं. त्यानंतर काकांचा फोन फक्त दिवाळीला येतो.

जाता जाता, जंप देताना पण मायनसची केबल बॅटरीच्या खुंटाला लावू नका, इंजिनच्या उघड्या लोखंडाला नाहीतर बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा. कारण तेच.

आणि बॅटरी बदलली की त्याच संध्याकाळी "स्टार्ट-स्टॉप चालत नाहीये" म्हणून फोन करू नका, प्लीज. काही गाड्यांना स्कॅनरने सांगावं लागतं, काही गाड्या रात्रभर लॉक करून शांत उभ्या ठेवल्या की सेन्सर आपलं आपण शिकतो. पण लोकांना एक रात्र निघत नाही, दर तासाला जाऊन दार उघडून बघणार, की सेन्सर परत पहिल्यापासून.

मीटर लावून अल्टरनेटर बाद ठरवणे

ही गिऱ्हाइकाची नाही, आमच्याच लोकांची चूक. अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डबा. जुन्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावला की १४ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे, हे डोक्यात पक्कं बसलंय. आताचे स्मार्ट अल्टरनेटर पेट्रोल वाचवायला मुद्दाम चार्जिंग कमी करतात, मीटरवर १२.८ पण दिसेल, आणि तुम्ही एक्सिलरेटर सोडून गाडी उताराला लावली की तेच १४.५ च्या वर जाईल. उभ्या गाडीवर एकदा मीटर टेकवून "अल्टरनेटर गेला" म्हणणाऱ्याकडून किल्ली परत घ्या. मी हेडलाइट, मागची काच गरम करायचं बटण आणि ब्लोअर फुल लावतो, मग बघतो. बॅटरीचं बघायचं तर गाडी दोन-तीन तास उभी राहिल्यावर, १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आलीय.

क्लच दाबून सिग्नलला उभं राहणे

"बंदच होत नाही" वाल्यांमधले निम्मे हे. सिग्नलवर ९० चा आकडा दिसतोय आणि हे पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभे, जणू रेसच सुटणारे. अहो मॅन्युअल गाडीत न्यूट्रल करून क्लचवरचा पाय काढल्याशिवाय इंजिन बंदच होणार नाही, आणि क्लच दाबला की ते परत चालू होतं. पाय क्लचवर ठेवला की वर क्लचचं बेअरिंग घासतं ते वेगळंच. स्टार्ट-स्टॉपचा एक फायदा बऱ्याच जणांना माहीतच नाही, शिकाऊ माणसाने चढावर गाडी बंद पाडली की किल्लीशी झटापट करायची गरज नसते, बऱ्याच गाड्यांत ब्रेक धरून क्लच पूर्ण दाबला की इंजिन परत लागतं. मी माझ्या भाचीला आधी हे शिकवलं, स्टिअरिंग नंतर.

ऑटोमॅटिकमध्ये सगळा खेळ ब्रेकच्या पायाचा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक हलका धरला तर इंजिन चालू राहतं, जरा दाबला की बंद. सिग्नलच्या आकड्यात दहाच्या खाली उरले असतील तर मी हलकाच धरतो, १२० असतील तर दाबून. कर्वे रोडवर मुंगीच्या चालीने सरकायचं असेल तर सरळ स्टार्ट-स्टॉप बंद करायचं बटण दाबून टाकतो, दर दोन फुटांवर बंद-चालू बंद-चालू कोण सहन करणार.

बटण प्रत्येक वेळी परत का दाबावं लागतं यावर लोक फार चिडतात. मायलेजचा सरकारी आकडा सिस्टीम चालू धरून काढलेला असतो, म्हणून किल्ली फिरवली की ती चालूच असणार. मी गाडीत बसलो की बेल्ट, बटण, मग गिअर, आता हात आपोआप जातो.

रील बघून कनेक्टर काढणे

बॅटरी सेन्सरचा कनेक्टर उपटा, नाहीतर बॉनेटच्या स्विचचा, झालं काम! हो, स्टार्ट-स्टॉप बंद होतं. सोबत अल्टरनेटरचं चार्जिंग अंदाजपंचे चालतं, किंवा गाडीला बॉनेट कायम उघडंच वाटतं आणि अलार्म गंडतो. बटणाची आठवण ठेवणारे छोटे मॉड्यूल मिळतात, वायर न कापता मधे जोडायचे. तेवढं मी बसवून देतो, वॉरंटीचं तुमचं तुम्ही बघा म्हणून आधीच सांगतो. वायर कापायला सांगितलं तर चहा पाजून परत पाठवतो.

बाकीचं पटापट. मे महिन्यात एसी फुल असेल तर इंजिन बंद होणार नाही, तो बिघाड नाही. सकाळी गार इंजिनवर, ड्रायव्हरचा बेल्ट न लावता, दार नीट न लावता पण होणार नाही. बीएस६ डिझेलवाल्यांनो, डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, काजळी जळत असेल तेव्हाही होणार नाही, उलट अशा वेळी तुम्हीही गाडी बंद करू नका, थोडं फिरवून आणा. कसारा घाट ताणून चढलात आणि वर इगतपुरीला लगेच थांबायचंय, तर टर्बो तापलेला असतो, बटण दाबा आणि इंजिन मिनिटभर चालू राहू द्या. आणि पावसाळ्यात पाणी भरलेल्या रस्त्यात शिरायच्या आधी बटण दाबाच, मुंबईत मिलन सबवेसारख्या ठिकाणी सायलेन्सर पाण्याखाली असताना पुढचा थांबला म्हणून तुमचं इंजिन आपोआप बंद झालं तर पुढची गोष्ट टो-व्हॅनवाला सांगेल.

इंजिन बंद म्हणजे गाडी बंद समजणे

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून शेवटी टाकतोय.

माझ्या स्कूटरला आयडलिंग स्टॉप आहे. तीन सेकंद उभी राहिली की इंजिन बंद, डॅशवर एक दिवा लुकलुकतो, एक्सिलरेटर पिळला की परत चालू. आवाज नाही, धक्का नाही, काही नाही. एका रविवारी कोपऱ्यावरच्या डेअरीसमोर मेन स्टँडला लावली, किल्ली तशीच, दोनच मिनिटं म्हणून. साइड स्टँडला लावली असती तर त्याच्या स्विचने स्कूटर खरंच बंद झाली असती, पण मला मेन स्टँडची सवय. भाचा पुढे उभा होता, सहा वर्षांचा. त्याने मी रोज पिळतो तसा एक्सिलरेटर पिळला आणि हँडल धरून पुढे रेटा दिला. मागचं चाक फिरतच खाली टेकलं, स्कूटर स्टँडवरून सुटली आणि थेट दुधाच्या क्रेटच्या ढिगात. पोराला खरचटलं पण नाही, त्याला तर मजा वाटली. अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या किती पिशव्या फुटल्या ते डेअरीवाल्याने बोटाने मोजून दाखवलं, एकोणीस.

कारमध्ये पण हेच, पेट्रोल पंपावर ऑटो-स्टॉपमध्ये डी गिअरला ठेवून उतरणारे बघितलेत मी. काही गाड्या बोंबलतात, काही पी टाकून घेतात, तुमची काय करते ते रिकाम्या मैदानात बघून ठेवा. मी आता स्कूटरवरून उतरताना आधी किल्ली काढून खिशात टाकतो, मग स्टँड. बायको तरी मागून विचारतेच, "किल्ली?"